अण्णांच्या आवाजासाठी ३८ हजार द्यावेत का?

वाचकाचं पत्र, थोडक्यात आणि ओळख झाकून:

सातारा जिल्ह्यातल्या एका पतसंस्थेत नोकरी करणारे, पंचेचाळिशी ओलांडलेले वाचक लिहितात. वडील जाऊन दोन वर्षं झाली. घरातले २००६ पासूनचे फोटो, बहिणीच्या लग्नाचा व्हिडिओ, शेतीच्या कागदांचे स्कॅन आणि वडिलांनी, म्हणजे अण्णांनी, म्हटलेला हरिपाठ आणि त्यांच्या गप्पा मोबाइलवर रेकॉर्ड केलेल्या, असं सगळं त्यांनी गेल्या दिवाळीत २ टीबीच्या एका एक्स्टर्नल हार्ड डिस्कवर गोळा केलं. मग जागा हवी म्हणून फोनमधून आणि घरच्या कॉम्प्युटरवरून ते पुसून टाकलं. गणपतीत सगळे जमलेले असताना डिस्क टीव्हीला जोडून फोटो दाखवणं चालू होतं. सात वर्षांच्या भाच्याचा पाय वायरीत अडकला आणि फिरती डिस्क फरशीवर पडली. तेव्हापासून ती जोडली की टकटक आवाज येतो. एकदा कॉम्प्युटरने फॉरमॅट करायला सांगितलं, आता तर ती दिसतही नाही. तीन कॉम्प्युटरांना लावून झाली. गावातला दुरुस्तीवाला ‘उघडून प्लेट बदलून देतो, ३ हजार’ म्हणतो. पुण्याच्या एका डेटा परत काढून देणाऱ्या लॅबने फोनवरच ३८ हजारांपर्यंत अंदाज सांगितला. कुणी फ्रीजरमध्ये ठेवायला सांगतं, कुणी सॉफ्टवेअर सुचवतं. पत्नी म्हणते, गेलं ते गेलं. बहीण सगळे पैसे द्यायला तयार आहे, पण गणपतीपासून तिच्याशी धड बोलणं नाही. ‘एवढे पैसे घालावेत का? घातले तरी मिळेल याची खात्री काय?’

उत्तर:

पैशांचं नंतर बघू. आधी एवढं करा, की ती डिस्क कुठल्याही कॉम्प्युटरला जोडू नका. ‘एकदा शेवटचं बघतो’ म्हणूनही नको. तिची वायर काढून दुसऱ्या खोलीत ठेवलीत तर उत्तम, कारण रात्री अकरा वाजता हात शिवशिवतात हे मला माहीत आहे.

एवढा हट्ट का, ते सांगतो. तुमच्या डिस्कच्या आत आरशासारखी गुळगुळीत तबकडी आहे. या आकाराच्या डिस्कमध्ये ती बहुतेक वेळा काचेची असते आणि तिच्यावर चुंबकीय पदार्थाचा अत्यंत पातळ थर असतो. तबकडी मिनिटाला साधारण ५,४०० फेरे घेते, म्हणजे तिच्या कडेचा वेग ताशी ६० किलोमीटरच्या पुढे जातो. वाचणारं हेड तिला ग्रामोफोनच्या पिनेसारखं टेकत नाही, हवेच्या झोतावर काही नॅनोमीटर उंच तरंगत असतं. सिगारेटच्या धुराचा कण त्या फटीपेक्षा कितीतरी मोठा. तुमची डिस्क पडली तेव्हा हेड असं तरंगत होतं. ते तबकडीवर आपटलं, वाकलं किंवा त्याचा वाचणारा भाग निकामी झाला. आता डिस्क चालू झाली की हेड आपली जागा शोधायला जातं, तबकडीवरच्या खुणा त्याला वाचता येत नाहीत, ते मागे येतं आणि पुन्हा जातं. ती टकटक म्हणजे हेच. वाकलेलं हेड अशा प्रत्येक फेरीत थर खरवडू शकतं, आणि खरवडलेल्या थरातला डेटा जगातली कुठलीही लॅब परत आणू शकत नाही.

कोलंबिया यान १ फेब्रुवारी २००३ रोजी परतताना कोसळलं, ते आठवत असेल. कल्पना चावला त्यातच होत्या. त्या यानातल्या एका प्रयोगाची हार्ड डिस्क नंतर टेक्सासमध्ये ढिगाऱ्यात सापडली. बाहेरून पार जळून वितळलेली. तरीही तिच्यातला जवळजवळ ९९ टक्के डेटा तज्ज्ञांनी वाचवला. तबकडीच्या ज्या भागाला इजा झाली होती तिथे डेटा लिहिलेलाच नव्हता, हे त्यामागचं एक मोठं कारण. आकाशातून पडलेली डिस्क वाचते आणि टीव्हीच्या स्टँडवरून पडलेली वाचेल की नाही याची खात्री देता येत नाही, यात विरोधाभास वाटेल, पण फरक तबकडीला इजा कुठे होते याचा आहे. तुमची पडताना फिरत होती, आणि पडल्यावर तीन कॉम्प्युटरांवर पुन्हा फिरवली गेली. आशा संपलेली नाही. ती आणखी कमी होऊ द्यायची नाही, इतकंच सध्या तुमच्या हातात आहे.

आता तुमच्याकडे जमलेल्या सल्ल्यांकडे वळू. गावातल्या दुरुस्तीवाल्याचं वाक्य पुन्हा वाचा: ‘प्लेट बदलून देतो.’ अहो, तुमचे फोटो त्या प्लेटवरच आहेत! प्लेट बदलली तर डिस्क कदाचित चालू होईल, अण्णांचा आवाज मात्र कचऱ्यात जाईल. बहुधा त्याला हेड म्हणायचं असेल. तरीही पंख्याखाली, टेबलावर, स्क्रू ड्रायव्हरने डिस्क उघडली की तिच्यात धूळ गेलीच म्हणून समजा. माणूस लबाड आहे असं मी म्हणत नाही. प्रिंटर, लॅपटॉपची स्क्रीन, चार्जिंगची पिन यासाठी त्याच्याकडेच जा. हे काम त्याचं नव्हे. फ्रीजरचा सल्ला कुठल्याशा जुन्या काळातून फिरत आलेला आहे. आपल्याकडच्या दमट हवेत थंड डिस्क बाहेर काढली की आत दव धरतं आणि ओल्या तबकडीवर हेड फिरवायचं. नको. तांदळाच्या डब्यात ठेवण्याचंही तेच, तो उपाय मोबाइलवरही फारसा चालत नाही.

सॉफ्टवेअरचं जरा नीट सांगतो, कारण या सदराकडे येणाऱ्या पत्रांपैकी बऱ्याच जणांची डिस्क तुमच्यापेक्षा बऱ्या अवस्थेत असते. पुढचं थोडं त्यांच्यासाठी. सॉफ्टवेअर कामाचं केव्हा? डिस्क शांतपणे फिरते, कॉम्प्युटर तिला ओळखतो, विंडोजच्या ‘डिस्क मॅनेजमेंट’मध्ये तिची क्षमता बरोबर दिसते, पण उघडायला गेलं की ‘फॉरमॅट करा’ असा निरोप येतो किंवा फोल्डर उघडायला पाच मिनिटं लागतात. अशा वेळी फॉरमॅटला ‘नाही’ म्हणायचं आणि विंडोजमधली ‘चेक डिस्क’ चालवायची नाही. चेक डिस्क तुमचा डेटा वाचवायला बनवलेली नाही, ती फाइलव्यवस्था, म्हणजे कुठली फाइल कुठे आहे याची नोंद, सरळ करते, त्यासाठी त्याच डिस्कवर लिहिते, आणि सरळ करताना तुमच्या फाइलींचे तुकडे झाले तरी तिला सोयरसुतक नसतं.

मग काय करायचं? जुनी डिस्क जेवढ्या क्षमतेची असेल त्याहून मोठी, रिकामी डिस्क घ्यायची. लिनक्स (विंडोजऐवजी चालणारी फुकट प्रणाली) पेन ड्राइव्हवरून चालू करून ‘डीडीरेस्क्यू’ नावाच्या फुकट प्रोग्रामने जुन्या डिस्कची जशीच्या तशी नक्कल नव्या डिस्कवर उतरवायची. हा प्रोग्राम आधी सहज वाचता येणारा भाग उचलतो, अडलेल्या जागा वहीत टिपल्यासारख्या एका नकाशा फाइलमध्ये नोंदतो आणि त्यांच्याकडे शेवटी वळतो. मध्ये वीज गेली तर जिथे थांबला तिथून पुढे सुरू होतो. म्हणजे आजारी डिस्कवर कमीत कमी ताण. फाइली शोधायच्या त्या या नकलेवर, मूळ डिस्कवर नाही. डिस्कची विभागणीच (पार्टिशन) बिघडली असेल तर ‘टेस्टडिस्क’, फोल्डरांची रचनाच गेली असेल तर ‘फोटोरेक’. दोन्ही फुकट. फोटोरेक फोटो परत देतं, पण त्यांची नावं आणि फोल्डर देत नाही, त्यामुळे हजारो फोटोंचा ढीग हाती येतो आणि पुढचे चार रविवार त्यात जातात. सापडलेल्या फाइली त्याच डिस्कवर कधीही साठवू नका. आणि हे करताना टकटक किंवा खरखर सुरू झाली तर तत्काळ थांबवा. त्या क्षणी तुमची गोष्ट या पत्रलेखकांसारखी झाली.

डिस्क अजिबात फिरत नसेल, दिवाही लागत नसेल, तर आधी वायर आणि पोर्ट बदलून बघा. या डिस्कची ती रुंद, दोन भागांची दिसणारी पिन सैल होणं फार नेहमीचं आहे. हलकी बीप-बीप येत असेल तर हेड तबकडीला चिकटलेलं किंवा मोटर अडकलेली असू शकते, तेव्हा पुढे काही करू नका. बाहेरचं कव्हर फोडून आतली डिस्क थेट कॉम्प्युटरला जोडायचा व्हिडिओही अनेकांनी पाहिलेला असतो. काही मॉडेलांत ते जमतं, पण काहींत यूएसबीचं पोर्ट डिस्कच्याच सर्किट बोर्डावर असतं, आणि काहींत बोर्डावरची चिप सगळा डेटा कुलूपबंद करून लिहिते, म्हणजे तो बोर्ड बाजूला केला की उरते ती निव्वळ अक्षरांची खिचडी. पुराचं पाणी शिरलेली डिस्क असेल (२०१९ नंतर सांगली-कोल्हापूरकडे आणि २०२१ नंतर चिपळूणकडे हा प्रश्न घरोघरी होता) तर हेअर ड्रायर लावू नका, उन्हात वाळवू नका. गाळ आत वाळून तबकडीला धरतो. ओलसर आहे तशीच हवाबंद पिशवीत घालून लॅबला द्यायची.

पुन्हा तुमच्याकडे. तुम्ही विचारता, ३८ हजार घालावेत का. मला आधी हे विचारायचंय की कशासाठी. पत्रात तुम्ही ‘सगळं गेलं’ असं लिहिलंय. मला नाही वाटत सगळं गेलंय. एक कागद घ्या आणि डिस्कवर काय काय होतं ते लिहून काढा, आणि प्रत्येकापुढे ते आणखी कुणाकडे असू शकतं ते लिहा. शेतीचे कागद सोडून द्या, डिजिटल सहीचा सातबारा ऑनलाइन मिळतो, बाकीचे उतारे तलाठी कार्यालयात. लग्नाचा व्हिडिओ बहिणीच्या सासरी डीव्हीडीवर असण्याची शक्यता दांडगी आहे, नसला तर फोटोग्राफरला विचारा, काही जण जुनं काम वर्षानुवर्षं जपून ठेवतात. मोबाइलच्या फोटोंसाठी तुमची, पत्नीची, अण्णांची, सगळ्यांची जुनी जीमेल खाती आठवा. १ जून २०२१ पर्यंत गूगल फोटोजमध्ये थोड्या कमी दर्जाचे फोटो अमर्याद आणि फुकट साठत होते, आणि अँड्रॉइड फोन घेतल्या घेतल्या कुणीतरी ‘हो’ दाबलेलं असायचं. हे विसरलेल्या लोकांना दहा-दहा वर्षांचे फोटो तिथे सापडलेले मी पाहिलेत. फक्त फार काळ न उघडलेली खाती गूगल बंद करू लागलं आहे, तेव्हा हे आजच बघा.

आणि घरचा तो कॉम्प्युटर, ज्यावरून तुम्ही दिवाळीत सगळं पुसलंत! त्यात जुन्या पद्धतीची फिरती हार्ड डिस्क आहे की एसएसडी, म्हणजे काहीच न फिरणारी, चिपांची डिस्क? एसएसडी असेल तर विसरा, पुसलेली जागा ती स्वतःच साफ करून टाकते. पण फिरती डिस्क असेल तर पुसलेल्या फाइली त्या जागी दुसरं काही लिहिलं जाईपर्यंत तिथेच असतात. तो कॉम्प्युटर आजपासून बंद ठेवा. इंटरनेट नको, मुलांचा अभ्यास नको. त्याची डिस्क धडधाकट आहे, म्हणून वर सांगितलेली नकलेची पद्धत इथे निर्धास्तपणे चालेल, आणि गावातला तुमचा दुरुस्तीवाला हे काम नक्की करू शकेल. लॅबला फोन करण्याआधी हे करून बघाच. कॅमेऱ्याची जुनी मेमरी कार्डं ड्रॉवरमध्ये पडली असतील तर त्यांच्यावरही फोटोरेक चालवा.

एवढं झालं की कागदावर बहुतेक एकच ओळ उरेल, अण्णांचा हरिपाठ आणि गप्पा. तीही लगेच लॅबच्या खात्यात टाकू नका. त्या रेकॉर्डिंगपैकी एखादं तुम्ही कधी व्हॉट्सअ‍ॅपवर कुणाला पाठवलं होतं का? अँड्रॉइड फोनमध्ये व्हॉट्सअ‍ॅपच्या मीडिया फोल्डरात ‘व्हॉट्सअ‍ॅप ऑडिओ’ असतं आणि त्याच्या आत ‘सेंट’. पाठवलेल्या ऑडिओची प्रत तिथे राहते, आणि गॅलरीत दिसत नसल्यामुळे फोन साफ करताना ती हमखास सुटते. शेजारीच ‘व्हॉइस नोट्स’ असतं. अण्णा कुणाला बोलून निरोप पाठवत असतील तर ते पाठवणाऱ्याच्या आणि घेणाऱ्याच्या, दोघांच्याही फोनमध्ये शोधा.

इथे तुम्हाला बहिणीची गरज आहे. तिच्या फोनमध्ये, तिच्या नवऱ्याच्या फोनमध्ये, अण्णांच्या भजनी मंडळातल्या लोकांकडे शोधायचं तर तिलाच सांगावं लागेल. गणपतीपासून बोलणं नाही, म्हणून हा फोन अवघड वाटणार. माफी, खुलासा, तुझा मुलगा-माझी डिस्क, यात शिरूच नका. ‘तुझ्या फोनमध्ये अण्णांचं काही आहे का बघ’ एवढंच म्हणा. पुढचं ती बोलेल.

भाच्याबद्दल तुम्ही तीन ठिकाणी लिहिलंय, म्हणून थोडं बोलतो. सणाच्या घरात, जाण्यायेण्याच्या वाटेवर वायर आणि तिच्या टोकाला घरातली एकमेव प्रत. भाच्याऐवजी मांजर असती, मोलकरणीचा झाडू असता, किंवा काहीच न होता दोन वर्षांनी डिस्क आपोआप बंद पडली असती. डिस्क बंद पडतातच. सात वर्षांच्या मुलाच्या वाट्याला ‘याच्यामुळे आजोबांचा आवाज गेला’ हे वाक्य येऊ नये. घरात ते कुणी बोललं असेल तर मागे घ्या. आणि बहीण पैसे देते म्हणते तेव्हा ती दंड भरते आहे असं तिला वाटत असेल तर ते पैसे घेऊ नका. आवाज दोघांनाही हवा असेल तर खर्च अर्धा-अर्धा करा.

आता लॅब. खात्री कुणीच देणार नाही, आणि फोनवर ‘शंभर टक्के’ म्हणणाऱ्याकडे जाऊ नका. हेड बदलावं लागेल. त्यासाठी त्याच मॉडेलची, जुळणारी दुसरी डिस्क मिळवून तिचे हेड तुमच्या डिस्कमध्ये धूळमुक्त कक्षात बसवतात, मग नक्कल घेतात. बसवलेले हेड किती तास टिकतील याचा भरवसा नसतो. म्हणून देतानाच कागदावर लिहून द्या: फोल्डरचं नाव, फाइलींचा प्रकार, ‘हे सर्वांत आधी’. तासाभराचं मोबाइल रेकॉर्डिंग म्हणजे काही डझन एमबी. दोन टीबीमधून आधी तेवढं उचललं गेलं तर मधेच हेड गेलं तरी तुमचं काम झालेलं असेल. किंमतही पूर्ण डिस्कऐवजी तेवढ्याची मागून बघा, काही लॅब कमी करतात, काही नाही.

विचारायचं ते आधीच विचारून घ्या. तपासणीचे पैसे किती? डेटा निघाला नाही तर काय द्यावं लागेल, आणि सुट्या भागांसाठी आणलेल्या डिस्कचे पैसे तरीही लागतील का? पूर्ण पैसे भरण्याआधी सापडलेल्या फाइलींची यादी दाखवाल का, शक्य झाल्यास एखादं रेकॉर्डिंग ऐकवाल का? नकार दिला तर डिस्क आहे तशी परत मिळेल का? हे लेखी घ्या. आणि डिस्क पडल्यावर तीन ठिकाणी जोडली होती हे लपवू नका, डॉक्टरला सांगता तसं सांगा. वॉरंटी शिल्लक असेल तर कंपनीकडे पाठवायची घाई नको. वॉरंटीत नवी डिस्क मिळते, जुनीतला डेटा नाही. मात्र काही डिस्कसोबत डेटा रिकव्हरीची सेवा काही वर्षांसाठी जोडलेली असते, खोक्यावर किंवा कंपनीच्या साइटवर सीरियल नंबर टाकून तेवढं तपासा. निघाली तर ३८ हजारांचा प्रश्नच मिटला.

नसेल, आणि शोधाशोध करून अण्णांची तासभर रेकॉर्डिंग कुणाच्या फोनमध्ये सापडली, तर मी तुमच्या पत्नीच्या बाजूने आहे, खर्च करू नका. काहीच सापडलं नाही आणि दोघा भावंडांना ३८ हजार कर्ज न काढता परवडत असतील, तर करा, पण गेलेच समजून करा. परवडत नसतील तर थांबा. बंद डिस्क कोरड्या कपाटात, चुंबक आणि मुलांपासून लांब ठेवली तर वर्षभरात तिच्यातला डेटा कुठे जात नाही. फार वर्षं लोटली तर त्या मॉडेलचे सुटे भाग मिळणं कठीण होतं, पण पुढच्या दिवाळीच्या बोनसपर्यंत थांबायला काहीच हरकत नाही. तबकडीवर ओरखडे आहेत असं लॅबने उघडून सांगितलं, तर त्याचा फोटो मागा, आणि ‘आम्ही तरीही काढून देतो’ म्हणणारी दुसरी लॅब शोधत फिरू नका.

जायचं ठरलं तर कुरिअर करू नका. डिस्क फेसाच्या किंवा बबलच्या जाड वेष्टनात गुंडाळून हातातल्या पिशवीत घेऊन एसटीने पुण्याला जा, डिकीत टाकू नका. डेटा परत देण्यासाठी लॅब तुमच्याकडे रिकामी डिस्क मागेल. दोन घेऊन जा. एकीवर ते भरून देतील, दुसरीवर त्याच दिवशी तुम्ही नक्कल करा आणि ती बहिणीच्या घरी ठेवा. रेकॉर्डिंगपुरती तिसरी प्रत गूगल ड्राइव्हवर टाका, तिथे मिळणाऱ्या १५ जीबी फुकट जागेत हरिपाठ सहज मावतो. टीव्हीला लावायला साधा पेन ड्राइव्ह वापरा.